फायटर कमजोर नाही, तुमचा दिवस छोटा आहे

आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, तुम्ही डीएम (खेळ चालवणारे), पार्टी (खेळणाऱ्यांच्या पात्रांचा गट) सातव्या लेव्हलला. चार जण आहेत, प्रत्येकाचा क्लास (पात्राचा पेशा) वेगळा: चॅम्पियन प्रकारचा फायटर म्हणजे योद्धा, विझार्ड म्हणजे अभ्यासाने जादू शिकलेला, क्लेरिक म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र टाकणारा आणि वॉरलॉक म्हणजे एखाद्या शक्तीशी करार करून जादू मिळवणारा. दर शनिवारी रात्री ऑनलाइन अडीच तास खेळता. फायटर खेळणारा मित्र म्हणतो, "माझी पाळी आली की दोनदा फासा टाकायचा आणि गप्प बसायचं. बाकी सगळं विझार्डच करतो." त्याला क्लास बदलायचा आहे. आणि तुम्ही विचारताय की फायरबॉल (आगीचा स्फोट करणारा मंत्र) बंद करू का, की विझार्डचे स्लॉटच (मंत्र टाकण्याचे मोजके वापर) कमी करू.

दोन्ही नको. फायरबॉल काढलात तर विझार्ड खेळणारा नाराज होईल आणि फायटर खेळणारा होता तितकाच कंटाळलेला राहील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी ओझरत्या आल्या आहेत आणि मला त्याच महत्त्वाच्या वाटतात. एक, दर सत्रात एकच मोठी लढाई होते आणि तिच्यानंतर पार्टी लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेते. दोन, वॉरलॉक खेळणारीही "माझ्याकडे दोनच स्लॉट" म्हणून कुरकुरते. फायटर आणि वॉरलॉक दिसायला एकमेकांपासून लांबचे क्लास, पण एका बाबतीत सारखे आहेत: दोघांची बरीच ताकद शॉर्ट रेस्टला, म्हणजे तासाभराच्या विसाव्याला, परत येते. एकाच टेबलावर हे दोघं बरोबरीने मागे पडत असतील आणि विझार्ड-क्लेरिक खुशीत असतील, तर घोडं विश्रांतीच्या वेळापत्रकात पेंड खातंय, क्लासमध्ये नाही.

आकडे बघू. सातव्या लेव्हलच्या विझार्डकडे पहिल्या ते चौथ्या पातळीचे अनुक्रमे ४, ३, ३ आणि १ असे ११ स्लॉट असतात. आर्केन रिकव्हरीने दिवसातून एकदा थोडे परत मिळतात. हे सगळं त्याने दिवसभर पुरवून वापरायचं असतं. वॉरलॉककडे २ स्लॉट, दोन्ही चौथ्या पातळीचे. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट मिळाले तर तिचे ६ होतात. एकही मिळाला नाही तर २ च. फायटरच्या ॲक्शन सर्ज (एका पाळीत जादा कृती) आणि सेकंड विंडचंही (स्वतःच्या जखमा भरणं) तेच: दोन शॉर्ट रेस्टच्या दिवसात तीन-तीनदा, तुमच्या दिवसात एकेकदा. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडने दिवसाला मध्यम किंवा कठीण अशा ६ ते ८ चकमकी आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरले आहेत. क्लासेस त्या दिवसाच्या मापाने शिवलेले आहेत. तुमचा दिवस एका चकमकीचा आहे.

आता डॅमेज. तुमच्या मित्राकडे ग्रेटसोर्ड आणि १८ स्ट्रेंथ असेल, तर १५ आर्मर क्लासच्या (फटका लागायला फाशाने गाठायचा आकडा) शत्रूवर त्याचं एका फेरीचं सरासरी डॅमेज १६ च्या आसपास येतं. फायरबॉलचं सरासरी २८, सेव्ह (शत्रूचा बचावाचा फासा) लागला तर निम्मं. शत्रूचा सेव्ह पाचात दोनदा लागतो असं धरलं तर एकट्यादुकट्या शत्रूवर ते साधारण २२ होतं, आणि चौघं एकत्र सापडले तर एकूण ९० च्या घरात जातं. लढाई चार फेऱ्यांची आणि दिवसातली एकमेव असेल तर विझार्ड चारही फेऱ्यांत आपलं सगळ्यात भारी अस्त्र काढू शकतो: तिसऱ्या पातळीची तीन, चौथ्या पातळीचं एक. हात आखडता घ्यायला त्याला कारणच नाही. सहा चकमकींच्या दिवसात मात्र वीसेक फेऱ्या होतात. त्या ११ स्लॉटमधले काही मेज आर्मर आणि शील्ड या बचावाच्या मंत्रांवर जातात, एखादा मिस्टी स्टेपवर (क्षणात थोडं दूर जाणं) जातो, आणि बऱ्याच फेऱ्यांत विझार्डच्या हाती स्लॉट न लागणारा फायरबोल्ट उरतो. त्याची सरासरी ७-८. तेव्हा फायटरचे प्रत्येक फेरीचे १६ दुप्पट भरतात आणि ते कधीच संपत नाहीत. वीस षटकांत दहा गडी हाताशी असले की कोणीही फटकेबाजी करतो. पाच दिवस काढायचे म्हटले की नांगर टाकून उभा राहणारा फलंदाज लागतो.

हा वाद खेळाइतकाच जुना आहे, आणि तुमच्या निर्णयाला उपयोगी पडेल म्हणून थोडा इतिहास सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ चा. त्याच्या मुळाशी चेनमेल हा १९७१ चा सैन्यांच्या लढाईचा खेळ होता, आणि त्यात जादूगार जवळपास तोफखान्याचं काम करत असे. तेव्हापासूनच जादूगाराचा मारा मोठा आहे. पण त्याच्याभोवती कुंपणंही तितकीच मोठी होती. १९८१ च्या बेसिक संचात पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र, चार बाजूंच्या एका फाशाइतके हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) आणि शस्त्र म्हणून खंजीर. दुसऱ्या लेव्हलला पोचायला फायटरला २,००० अनुभवगुण लागत, जादूगाराला २,५००. फायटरला उलट जगात पाय रोवायला मिळायचे. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड नियमांत नवव्या लेव्हलच्या फायटरने गढी बांधून आजूबाजूचा मुलूख मोकळा केला की त्याच्याकडे सैनिक आपणहून येत. जादूगाराकडे दुसऱ्या जगांत जाण्याचे मंत्र असतील, पण दारात उभी फौज फायटरची.

२००० साली तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना अनुभवगुणांचा एकच तक्ता दिला, फायटरची फौज काढून घेतली आणि जादूगाराला स्क्रोल-वाँड (मंत्र साठवलेले कागद आणि कांड्या) स्वस्तात बनवायची मुभा दिली. कुंपणं गेली, तोफ राहिली. फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझार्ड वर्गाच्या पटीत, ही तक्रार त्या काळात घरोघरी झाली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने उपाय केला तो मुळापासून: सगळ्या क्लासेसना एकाच साच्यातली ॲट-विल (कधीही), एन्काउंटर (चकमकीत एकदा) आणि डेली (दिवसात एकदा) सामर्थ्यं दिली. समतोल खरोखर साधला. फायटर शत्रूला मार्क करून जागेवर खिळवायचा, आणि मला तो आजही आवडतो. पण पुष्कळ खेळणाऱ्यांना सगळे क्लास एकाच चवीचे वाटले आणि ते दुरावले. २०१४ मध्ये वेगवेगळे साचे परत आले आणि जादूवर नवी बंधनं घातली गेली, त्यातलं सगळ्यात मोठं कॉन्सन्ट्रेशन: लक्ष टिकवून चालू ठेवायचा मंत्र एका वेळी एकच.

या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे की या खेळातला समतोल क्लासच्या पानावर फारसा नसतो. तो त्या पानाबाहेरच्या नियमांत असतो: दिवस किती लांब, विश्रांती कधी, हात मोकळा आहे का, आवाज किती दूर जातो. आणि घाईच्या टेबलावर हेच नियम आधी गळतात, कारण ते कंटाळवाणे वाटतात. म्हणून विझार्डला हात लावण्याआधी तुमच्या टेबलावर काय गळलंय ते तपासा. कॉन्सन्ट्रेशनवाल्या विझार्डला डॅमेज झालं की दर वेळी १० किंवा डॅमेजच्या निम्मे, यातल्या मोठ्या आकड्यावर सेव्ह मागता का? फ्लाय (उडणं) आणि हेस्ट (वेग वाढवणं) दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येत नाहीत, हे पाळलं जातं का? ज्या फेरीत शील्ड वापरला त्याच फेरीत काउंटरस्पेलला (दुसऱ्याचा मंत्र मोडायला) रिॲक्शन, म्हणजे फेरीत एकदाच मिळणारी प्रत्युत्तराची कृती, उरत नाही. नॉकने कुलूप उघडतं, पण तो ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. सजेशन (मन वळवणारा मंत्र) भर दरबारात टाकायचं तर मंत्र तोंडाने म्हणावा लागतो आणि समोरचे पहारेकरी बहिरे नाहीत. यातला एकही नियम माझा नाही, सगळे पुस्तकातले आहेत. मी पाहिलेल्या टेबलांपैकी अनेकांची निम्मी तक्रार इथेच मिटली.

उरलेली निम्मी दिवसाच्या लांबीची. अडीच तासांत सहा चकमकी होत नाहीत, हे मलाही मान्य आहे. माझ्या पुण्याच्या गटाचीही सत्रं फार मोठी नसतात. पण सत्र संपलं म्हणून पार्टीचा दिवस संपायलाच हवा असं कुठे आहे? लढाई अर्धी असताना किंवा पुढच्या दाराशी थांबा, प्रत्येकाने उरलेले स्लॉट आणि हिट पॉइंट लिहून ठेवावेत, आणि पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू करा. एक दिवस तीन सत्रं चालू दे. लाँग रेस्ट २४ तासांत एकदाच मिळतो, तोही नियमच आहे.

फक्त दिवस लांबवून भागत नाही. झोपण्याची किंमत खेळणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असावी लागते. मी हे कसं करतो ते एका प्रसंगावरून सांगतो. दरोडेखोरांनी खाणकामगारांना पकडून जुन्या चांदीच्या खाणीत कोंडलं होतं आणि पहाटे त्यांना खिंडीपलीकडे नेऊन विकणार होते. पार्टी दुपारी पोचली. मी कागदावर सहा चौकोन काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. एक शॉर्ट रेस्ट म्हणजे एक चौकोन. गोंगाट झाला, एक चौकोन. लाँग रेस्ट घेतला तर सगळे चौकोन भरले आणि खाण रिकामी. एवढंच. तोंडावरच्या चौकीत विझार्डने वेब टाकून चार तिरंदाज अडकवले आणि सगळे खूश झाले. पुढे गॅलरी ढासळलेली होती. तुळई उचलून धरायला ताकद लागत होती आणि ती फायटरकडेच होती. मग दोन ओगर. तिथे पहिल्यांदा विझार्ड खेळणारा आपल्या स्लॉटच्या रांगेवर बोट ठेवून बराच वेळ थांबला आणि शेवटी फायरबोल्टच टाकला. शॉर्ट रेस्ट, एक चौकोन. फायटरची ॲक्शन सर्ज परत आली. शेवटच्या दालनात कामगार आणि दरोडेखोर सरमिसळ उभे होते. फायरबॉलचा गोळा २० फूट त्रिज्येचा, त्यात कामगार मेले असते. तुमचा विझार्ड इव्होकेशनचा (माऱ्याच्या मंत्रांच्या शाखेचा) असेल तर स्कल्प्ट स्पेल्सने काही जणांना वाचवता येतं, पण फक्त नजरेसमोर असलेल्यांना, आणि तेही मोजक्यांना. माझ्या टेबलावरच्या विझार्डकडे तिसऱ्या पातळीचा एकच स्लॉट उरला होता. त्याने फायटर खेळणारीला विचारलं, "तू हा बोगदा किती वेळ अडवशील?" ती म्हणाली, "तुला किती वेळ हवा?"

बोगदा पाच फूट रुंद होता. शत्रूला फायटरच्या अंगावरून जाता येत नाही, वळसा घालायला जागा नाही. तिने तो अडवला आणि पाठीमागून कामगार निघाले. डॅमेजच्या तक्त्यात त्या फेऱ्यांची काहीच नोंद झाली नसती, आणि तरी त्या रात्रीचं सगळं तिच्या हातात होतं. तुमच्या मित्राला हेच मिळत नाहीये. "दोनदा फासा टाकतो आणि गप्प बसतो" या वाक्यात फाशांच्या आकड्यापेक्षा गप्प बसणं जास्त मोठं आहे. त्याच्या हातात ठरवण्यासारखं काही येत नाही.

इथे चॅम्पियनचाही वाटा आहे. चॅम्पियन मुद्दामच सोपा बनवलेला आहे: १९ किंवा २० आला की क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट). गणिताने बघाल तर ग्रेटसोर्डवाल्याला याचा फायदा दर हल्ल्याला सरासरी अर्धा पॉइंट डॅमेजचाही नाही, आणि त्यात निवड अशी काही नाहीच. तुमच्या मित्राला सोपं खेळायला आवडत असतं तर हरकत नव्हती, पण मग तो तक्रार करत नसता. त्याला बॅटल मास्टर (डावपेचांचा फायटर) होऊ द्या, फुकट, पुढच्या सत्रापासून. सातव्या लेव्हलला पाच सुपीरिऑरिटी डाइस (डावपेचांवर खर्चायचे फासे) मिळतात आणि तेही शॉर्ट रेस्टला परत येतात. कुणाला पाडायचं, कुणाला ढकलायचं, आपल्याऐवजी कुणाला हल्ला करायला लावायचं, दर पाळीला काहीतरी ठरवावं लागेल. २०२४ चे नियम घ्यायची तयारी असेल तर वेपन मास्टरी आणखी बरी. मॉलने (दोन्ही हातांनी पेलायच्या मोठ्या हातोड्याने) शत्रूला आडवं पाडता येतं, वॉरहॅमरने दहा फूट मागे ढकलता येतं, आणि फासे खर्च होत नाहीत. त्याच नियमांत फायटरला टॅक्टिकल माइंडही आहे: एखादी ॲबिलिटी चेक (ताकद, चपळाई वगैरेंचा फासा) फसली की सेकंड विंडचा एक वापर खर्चून तीत दहा बाजूंचा फासा मिळवता येतो. लढाईबाहेर काहीतरी हाती आल्यामुळे मला तो बदल फार मोलाचा वाटतो.

लढाईबाहेरचं हे माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे, म्हणून थोडं थांबतो. विझार्डच्या यादीतले निम्मे मंत्र लढाईचे नसतातच. उडणं, अदृश्य होणं, भाषा समजणं, जादू ओळखणं, दूरवर डोकावणं. फायटरच्या पानावर अशी यादी नाही. जुन्या खेळात ती जागा गढी आणि सैनिक भरत. आता ती डीएमला भरावी लागते. मी फायटरला माणसं देतो. नगररक्षकांचा सुभेदार त्याच्याबरोबर जुन्या मोहिमेत लढलेला असतो आणि विझार्डशी तुटक बोलणारा तो माणूस फायटरला आतली गोष्ट सांगतो. भाडोत्री सैनिकांच्या तळावर त्याच्या नावाला वजन असतं. शत्रूच्या छावणीकडे बघून पहारे कधी बदलतात, कुठली बाजू कच्ची आहे, हे मी फायटरला फासा न टाकताच सांगतो, कारण तो आयुष्यभर हेच करत आला आहे. सातवी लेव्हल म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेला योद्धा. वीसेक गावकऱ्यांनी येऊन "आम्हाला लढायला शिकवा" म्हणावं, एवढं त्याचं नाव आहे. ती वीस माणसं पुढच्या सत्रात पूल सांभाळतील आणि तो त्यांचा नायक असेल. विझार्डच्या यादीत यासाठी कुठला मंत्र नाही.

काही जण तुम्हाला सांगतील की हा सहकाराचा खेळ आहे, स्पर्धा नाही, मग समतोल हवाच कशाला. हरणं-जिंकणं नाही हे खरं. पण अडीच तास सगळ्यांचे मिळून आहेत आणि त्यातले दोन एकाच माणसाच्या निर्णयांत गेले तर बाकीच्या तिघांनी शनिवारची रात्र राखून ठेवण्यात अर्थ राहत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेलं. तुमच्या गटाला राजकारण, प्रवास आणि कधीतरी एखादी लढाई अशीच मोहीम आवडत असेल तर खाण आणि चौकोन तुमच्या कामाचे नाहीत. तेव्हा डंजन मास्टर्स गाइडमधला ग्रिटी रिअ‍ॅलिझमचा पर्याय बघा: शॉर्ट रेस्ट रात्रभराचा, लाँग रेस्ट सात दिवसांचा. आठवड्याच्या प्रवासात तीन लढाया झाल्या तरी तो एकच 'दिवस' धरला जातो. मेज आर्मरसारखे आठ तास टिकणारे मंत्र त्यात फार लवकर संपतात, हे विझार्डला आधीच सांगा, म्हणजे नंतर वाद होणार नाहीत. दुसरं, तुमचा विझार्ड खेळणारा सगळी पुस्तकं पाठ असलेला आणि फायटर खेळणारा नवखा असेल तर फरक क्लासमधला कमी आणि सरावातला जास्त. अशा वेळी मी त्या दोघांना शेजारी बसवतो, आणि अनुभवी माणसाला नवख्यासाठी डाव रचायला सांगतो. हेस्ट स्वतःवर न टाकता फायटरवर टाकणारा विझार्ड दोघांचीही रात्र चांगली करतो.

आणि एक मर्यादा मोकळेपणाने सांगतो. तेराव्या लेव्हलनंतर वेळापत्रकाने सगळं सुटत नाही. टेलिपोर्ट आणि प्लेन शिफ्ट (क्षणात दूरवर किंवा दुसऱ्या जगात नेणारे मंत्र) आले की बोगदा, खिंड आणि पहाट यांचं महत्त्वच उरत नाही. सतराव्या लेव्हलला विश (जवळपास काहीही घडवणारा मंत्र). फायटरला चौथा हल्ला थेट विसाव्या लेव्हलला मिळतो. ही दरी खरी आहे. मी माझ्या मोहिमा बाराव्या लेव्हलच्या आसपास संपवतो आणि नवी सुरू करतो. वरच्या लेव्हलला समतोल हवाच असेल तर पाथफाइंडर या अशाच खेळाची २०१९ ची दुसरी आवृत्ती बघा. तिथे फायटरची अचूकता बहुतेक क्लासेसपेक्षा एक पायरी वर ठेवली आहे, आणि शत्रूला एका मंत्रात निकामी करणाऱ्या जादूचा असर वरच्या लेव्हलच्या शत्रूंवर कमी होतो.

हे बदल गुपचूप करू नका. पुढच्या सत्राआधी चौघांशी दहा मिनिटं बोला. विझार्डला स्पष्ट सांगा की तुझं काही काढून घेत नाहीये, फक्त दिवस लांब होतोय. वॉरलॉक खेळणारी बहुधा सगळ्यात आधी खूश होईल. फायटरला विचारा, "गेल्या काही सत्रांत तुला कुठे मजा आली?" त्याच्या उत्तरात जे येईल, भले ते एखादं भांडण असो किंवा सराईतली गप्पागोष्ट, पुढच्या सत्रात तेच मोठं करून ठेवा. मग खाणीसारखा एक लांब दिवस पूर्ण खेळू द्या. त्यानंतरही त्याला क्लास बदलायचाच असेल तर अडवू नका. पॅलाडिन (शपथ घेतलेला, जादू जाणणारा योद्धा) सुचवा. तलवार तीच राहील, स्माइटसाठी (फटक्यात जादूचं जादा डॅमेज भरायला) स्लॉट मिळतील, आणि कॅरिस्माच्या जोरावर दरबारातही बोलता येईल. जुन्या फायटरला मारू मात्र नका. त्याला त्या वीस गावकऱ्यांपाशी पुलावर ठेवा, म्हणजे पार्टी कधी परत तिकडे गेली तर तो भेटेल.